काटा पडला म्हणून मीटर गेलं असं नाही: जुन्या गाडीचा मीटर बोर्ड काढणं आणि दुरुस्त करणं

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा तळाला जाऊन बसला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "मीटर गेलंय, बदलून टाकू." बऱ्याचदा मीटर ठणठणीत असतं. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग, अडकलेला असतो, नाहीतर टाकीजवळच्या सॉकेटला हिरवा गंज चढलेला असतो. डॅशबोर्डवरचा मीटर बोर्ड हा नुसता निरोप्या आहे. निरोप चुकीचा आला तर तो पाठवणाऱ्याचा दोष, वाटेतल्या वायरीचा, की खुद्द निरोप्याचा, हे आधी ठरवायचं आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. हे सांगायचं कारण असं की वीस-पंचवीस वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. बोर्ड विनाकारण काढला तर मूळ बिघाड राहतो तिथेच, वर दोन क्लिपा तुटतात आणि डॅशबोर्ड आयुष्यभर खडखडत राहतो.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. अजूनही गावोगावच्या अंगणांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ती उभी दिसते. शिवाय तिचा बोर्ड साधा आहे: एक स्पीडोमीटर, एक पेट्रोलचा काटा, एक इंजिनाच्या तापमानाचा काटा आणि मूठभर दिवे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचं तत्त्व हेच. अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनीत स्क्रू आणि नटबोल्ट वेगळे असतील, आतला विचार फारसा वेगळा नाही.

आत काय चालतं

स्पीडोमीटरला वीज लागतच नाही. दिव्याला लागते, काट्याला नाही. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल निघते, तिच्या आत पोलादी तारेचा पीळ फिरत असतो आणि त्याचं चौकोनी टोक मीटरच्या मागच्या भोकात बसतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत ही तार दर किलोमीटरला ६३७ फेरे घेते असं ठरलेलं आहे, म्हणजे ताशी ६० च्या वेगाला मिनिटाला ६३७ फेरे. या तारेमुळे मीटरमध्ये एक छोटं लोहचुंबक गरगरतं. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते, पण ती चुंबकाला कुठेही टेकलेली नसते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही हे शाळेत शिकलेलं असतं, मग वाटी फिरते कशी? चुंबक फिरताना वाटीच्या पत्र्यात विजेचे लहान भोवरे तयार होतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व असतं आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढतं. वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग अडवते. ओढ आणि स्प्रिंग यांचा तोल जिथे साधेल तिथे काटा थांबतो. वेग वाढला की ओढ वाढते, काटा पुढे सरकतो. ओटो शुल्झ या जर्मन अभियंत्याने १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या त्याच्यावर चालल्या.

किलोमीटर मोजणारे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. त्याच फिरत्या दांड्यावरून दोन-तीन बारीक गिअर थेट आकड्यांच्या चकत्यांपर्यंत जातात. म्हणजे एकाच केबलवर दोन स्वतंत्र यंत्रं आहेत. हे लक्षात ठेवा, निदान करताना उपयोगी पडेल.

पेट्रोलच्या आणि तापमानाच्या काट्यांची गोष्ट वेगळी. जुन्या धाटणीच्या मीटरमध्ये दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. टाकीतला फ्लोट वर-खाली होतो तसा त्याला जोडलेला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी-जास्त होतो. जपानी पद्धतीत टाकी भरलेली असेल तर रोध अगदी थोडे ओहम, रिकामी असेल तर शंभरच्या आसपास. भरलेल्या टाकीला जास्त वीज, जास्त उष्णता, काटा वर. तापमानाच्या सेन्सरचंही तसंच: इंजिन तापलं की त्याचा रोध उतरतो आणि काटा चढतो.

पट्टी तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून चावी फिरवल्यावर काटा सावकाश चढतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. वरंध्याच्या किंवा आंबेनळीच्या वळणांवर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला कलंडतं, फ्लोट नाचतो, पण काटा स्थिर राहतो, तो या आळशीपणामुळेच.

आता एक अडचण. बॅटरीचा दाब कधी १२ व्होल्ट, गाडी चालू असताना १४ च्या आसपास. उष्णतेवर चालणाऱ्या काट्याला हा फरक दिसणार. म्हणून बोर्डातच एक स्थिरक असतो. तोही तसल्याच पट्टीचा. तापला की संपर्क तोडतो, निवला की जोडतो आणि अशा उघडझापीतून सरासरी एकच दाब देतो. ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत हा दाब १० व्होल्ट, जपानी गाड्यांत बहुधा ७-८. दोन्ही काटे या एकाच स्थिरकावर चालतात.

बोर्ड न काढता निदान

एक बिघाड एकटाच असेल तर त्याच्याच वाटेवर शोधा. अनेक बिघाड एकदम आले असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. निम्मं निदान एवढ्यावर होतं.

पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच दिवशी खोटं बोलायला लागले, तर टाकी आणि इंजिन या दोघांनी संगनमत केलेलं नसतं. स्थिरक बिघडलेला असतो. दोन्ही वाजवीपेक्षा वर जात असतील तर स्थिरकाला अर्थिंग (पत्र्याशी जोडणी) मिळत नाही किंवा त्याचे संपर्क चिकटले आहेत. दोन्ही मेले असतील तर आधी फ्यूज, मग स्थिरक. डिजिटल मल्टिमीटर लावून इथला दाब मोजायला गेलात तर आकडे उड्या मारतात आणि माणूस गोंधळतो. त्यापेक्षा छोटा बल्ब लावा. तो लुकलुकला की स्थिरक जिवंत आहे.

हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो, इंडिकेटर दिला की त्याच तालावर बोर्डातला दुसराच दिवा मंद मिणमिणतो, असं दिसलं तर काहीही उघडू नका. हा अर्थिंगचा बिघाड. बोर्डाची सगळी वीज परत जायला बहुधा एकच काळी वायर असते आणि ती डॅशबोर्डमागे पत्र्याला स्क्रूने कसलेली असते. स्क्रूखाली गंज आला की वीज भलत्याच दिव्यांमधून वाट काढते. तो स्क्रू सोडवून पत्रा आणि वायरचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत केलं की अनेक गूढ बिघाड एकदम नाहीसे होतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांवर तर इथूनच सुरुवात करावी.

फक्त पेट्रोलचा काटा मेलेला असेल तर टाकीजवळचं सॉकेट सोडवा आणि मीटरकडून येणाऱ्या वायरीला १२ व्होल्ट, ३.४ वॉटचा छोटा बल्ब जोडून बल्बचं दुसरं टोक बॉडीच्या पत्र्याला लावा. चावी ऑन. बल्ब लुकलुकला आणि काटा हळूहळू वर चढू लागला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष टाकीतल्या फ्लोटचा. वायर थेट पत्र्याला टेकवली तरी काटा चढतो, पण फार वेळ तशी धरली तर आतलं वेटोळं जळू शकतं, म्हणून बल्ब. एवढं मात्र पाळा: हे काम टाकीच्या तोंडाशी नाही, सॉकेटशी करायचं, गाडी उघड्या हवेत ठेवून, आणि जोडणी पूर्ण झाल्यावरच चावी फिरवायची. पेट्रोलची वाफ ठिणगीला माफ करत नाही.

तापमानाचा काटा खालीच राहतो अशी तक्रार असेल तर आधी विचारा, गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का? आपल्याकडे एकदा गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची काही मेकॅनिकांना खोड आहे. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन नीट गरम होतच नाही आणि काटा बिचारा खरं तेच दाखवत असतो. असं मीटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. नवं मीटरही तेच दाखवतं.

स्पीडोमीटरकडे वळू. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा गिअर झिजला आहे. काटा चालतो पण आकडे थांबले तर मीटरमधला गिअर गेला. आकडे फिरतात पण काटा मेला तर वाटी, स्प्रिंग किंवा काट्याची आस. काटा थरथरतो, विशेषतः कमी वेगात, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तीव्र वळण घेऊन अडकते आहे. आणि डॅशबोर्डमधून किंकाळी येत काटा एकदम शेवटच्या आकड्याकडे धावला, तर मीटरची बुश (फिरता दांडा जिच्यात बसतो ती नळी) कोरडी पडून आतले भाग एकमेकांना घासत आहेत. तशीच गाडी दामटली तर केबल तुटेल.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा, काही केबलवाल्या गाड्यांत स्पीडोमीटरच्या पाठीला एक छोटा स्विच असतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला वेग कळवतो. अशा गाडीत केबल तुटली तर काटा तर पडतोच, वर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि सिग्नलला थांबताना गाडी बंद पडायला लागते. तक्रार इंजिनाची, बिघाड स्वस्तातल्या केबलचा.

दिव्यांची परीक्षा सोपी. चावी ऑन, इंजिन बंद. ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले म्हणून समाधान मानण्याआधी ते मुळात लागले होते का ते बघा. ऑइलचा बल्ब गेलेली गाडी कायम निरोगी दिसते, इंजिन जाम होईपर्यंत. दिवा लागत नसेल तर इंजिनवरच्या ऑइल स्विचची वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवा. लागला तर स्विच बदला, नाही लागला तर बल्ब किंवा वायर.

बोर्ड बाहेर काढताना

इतकं करूनही दोष बोर्डातच आहे असं ठरलं तर काढायला घ्या. साहित्य फार नाही: स्टार स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबकी टोकाचा, १० नंबरचा पाना, एक जुना टॉवेल, टॉर्च आणि फोटो काढायला मोबाइल. स्क्रू ठेवायला स्वयंपाकघरातलं इडलीपात्र मागून घ्या. एका खळग्यात एका जागचे स्क्रू, काढले त्या क्रमाने. लांब स्क्रू आखूड जागी बसला तर प्लास्टिक फोडून बाहेर येतो, त्यामुळे ही सोय गमतीची नाही.

पहिली गोष्ट बॅटरीची. निगेटिव्ह टोक सोडवा आणि ते परत टेकणार नाही असं बाजूला बांधा. बोर्डाच्या मागे चावी बंद असतानाही जिवंत असणाऱ्या वायरी असतात आणि आजूबाजूला उघडा पत्रा. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी तिथेच उडेल, म्हणून क्रम महत्त्वाचा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम या लेखाच्या भरवशावर करू नका. तिची पद्धत वेगळी आहे.

गाडी सावलीत लावा, पण भल्या पहाटेच्या थंडीत काम काढू नका. कोमट प्लास्टिक वाकतं, गार प्लास्टिक तडकतं. स्टिअरिंगच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळा, नाहीतर बोर्ड बाहेर घेताना त्याची काच त्यावर घासून ओरखडते. मग बोर्डाभोवतीची चौकट. तिचे स्क्रू बहुधा वरच्या छज्जाच्या आतल्या बाजूला, खालून वर बघितल्याशिवाय दिसत नाहीत. सगळे स्क्रू निघालेत असं वाटत असताना चौकट एका बाजूने हलत नसेल, तर स्क्रू राहिलाय. इथे जोर लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी भंगार बाजारात चौकट शोधत फिरतो. चौकटीवर स्विच बसवलेले असतील तर त्यांच्या वायरींचा फोटो काढून मगच सोडवा.

चौकट निघाली की खुद्द बोर्डाचे स्क्रू समोर दिसतात. ते काढले की बोर्ड जेमतेम दोन-तीन बोटं पुढे येतो आणि अडतो, कारण मागून केबल धरून ठेवते. बहुतेक मोडतोड नेमकी इथे होते. ओढायचं नाही. बॉनेट उघडून बघा: केबल इंजिनाच्या कप्प्यातून पत्र्याच्या भोकातल्या रबरी कडीतून (ग्रोमेट) आत येते. तिला बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने आत सारली की बोर्डाला हवी तेवढी ढील मिळते. जागा अगदीच कमी असेल तर गिअरबॉक्सकडचं टोक सोडवा. आता बोर्डामागे हात घाला. बोटांना केबलच्या तोंडाशी प्लास्टिकची जीभ लागेल. ती दाबून धरायची आणि केबल सरळ मागे ओढायची. न बघता, नुसत्या स्पर्शाने करायचं काम आहे, पहिल्या वेळी वैताग येतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत जिभेऐवजी खरबरीत कडांचा नट असतो, तो बोटांनीच सुटतो. पक्कड लावलीत तर चेपेल.

राहिले सॉकेट. प्रत्येकाला कुलपासारखी एक पट्टी असते, ती दाबून सॉकेटचं अंग धरून ओढा, वायरी धरून नाही. एकसारखे दिसणारे दोन सॉकेट असतील तर चिकटपट्टीवर खूण करा. बोर्ड बाहेर आला की आत टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि त्यांना डॅशबोर्डमागची ऊबदार जागा फार आवडते. कुरतडलेली वायर आत्ताच दिसली तर बरं.

टेबलावर

बोर्ड उलटा केला की पाठीवर प्लास्टिकची पातळ पट्टी दिसते आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा. हीच बोर्डाची वायरिंग. रेघा काळवंडल्या असतील तर शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सॉकेट जिथे बसतं तिथली टोकं सगळ्यात जास्त खराब होतात. रेघ तुटल्यासारखी वाटली तर मल्टिमीटरची दोन टोकं रेघेच्या दोन्ही शेवटांना लावून बघा. नुसत्या डोळ्यावर विश्वास नको. केसाएवढी चीर दिसत नाही.

तुटलेली रेघ जोडणं नाजूक काम आहे. ६०-४० चं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं, पॉलिएस्टरची पट्टी अडीचशेच्या पुढे, आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशेला असतं. म्हणजे टोक क्षणभरच टेकवायचं. जास्त रेंगाळलं तर पट्टीला भोक. माझं मत विचाराल तर रेघेवर सोल्डर करण्यापेक्षा सॉकेटच्या पिनेपासून बल्बच्या होल्डरपर्यंत एक बारीक इन्सुलेटेड वायर वेगळी ओढावी. दिसायला ओबडधोबड, टिकायला उत्तम, आणि पाठ कोण बघतंय?

बल्ब प्लास्टिकच्या होल्डरमध्ये असतात. पाव फेरा दिला की होल्डर बाहेर येतो. होल्डरचे तांब्याचे कान तांब्याच्या रेघेवर दाबून बसतात. दिवा कधी लागतो, कधी नाही, असं असेल तर बल्ब बदलण्याआधी हे कान साफ करून किंचित बाहेर वाकवा. बल्ब बदलताना जुन्याच वॉटचा घ्या. उजेड जास्त पडावा म्हणून मोठा बल्ब टाकला की होल्डर वितळतो आणि डायलवर तपकिरी डाग पडतो.

एलईडीचा मोह सगळ्यांना होतो. डायल उजळायला खुशाल लावा. लागली नाही तर उलटी करून बसवा, कारण तिला धन-ऋण कळतं. पण चार्जिंगच्या दिव्याच्या जागी तिला हात लावू नका. त्या दिव्याच्या एका बाजूला चावीतून बॅटरी, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र. इंजिन बंद असताना अल्टरनेटरची बाजू अर्थसारखी वागते, म्हणून दिवा लागतो. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, फरकच उरला नाही तर वीज वाहणार कशी, म्हणून दिवा विझतो. अनेक जुन्या अल्टरनेटरना जागं करायला लागणारी पहिली थोडीशी वीज याच बल्बमधून जाते. बल्ब उडाला किंवा त्या जागी अगदी कमी वीज घेणारी एलईडी आली, तर अल्टरनेटर सुरूच होत नाही, बॅटरी उतरत जाते, आणि इशारा देणारा दिवा तर आधीच गेलेला. दीडदमडीच्या बल्बसाठी नवा अल्टरनेटर घेणारे लोक आहेत.

स्पीडोमीटरच्या डोक्याला फार छेडू नये. मागच्या नळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. ग्रीस नाही, गंज सोडवणारा स्प्रे तर अजिबात नाही. स्प्रे आत वाटीपर्यंत उडतो, त्यावर धूळ चिकटते आणि वाटी चुंबकाबरोबर घासत फिरते. काटा काढायची वेळ आलीच तर तो विश्रांतीला जिथे थांबतो तिथे आधी खूण करा, अडवणाऱ्या खिळ्यावरून उचलल्यावर तो कुठे स्थिरावतो तेही टिपून ठेवा, मग दोन्ही बाजूंनी चमचे घालून सरळ वर उचला. तिरका ओढलात तर केसाएवढी आस वाकते आणि मग ते मीटर कधीच खरं बोलत नाही. डायलवरची छपाई कापडाने पुसू नका, अक्षरं निघून येतात; धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा. समोरची पारदर्शक काच म्हणजे प्लास्टिक आहे. पाणी, थोडा साबण, मऊ कापड. थिनर किंवा पेट्रोल लागलं तर ती कायमची दुधाळ होईल.

केबल आता हाताशी आहे तर तिच्याकडेही बघा. आतली तार वरच्या बाजूने ओढून काढा, सपाट फरशीवर ठेवून बोटांनी लोळवा. सरळ तार शांतपणे लोळते, वाकलेली मध्येच टुणकन उडते. उडणारी तार बदला. चांगली असेल तर केरोसीनने धुऊन ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडचा शेवटचा वीतभर भाग कोरडा ठेवा. तारेचा पीळ स्क्रूसारखा वागतो, फिरता फिरता ग्रीस वर चढवतो आणि मीटरच्या आत नेऊन सोडतो. मग काटा जास्त वेग दाखवायला लागतो.

परत बसवल्यावर

सगळे स्क्रू कसण्याआधी सॉकेट जोडा, बॅटरी जोडा आणि चावी ऑन करून दिवे बघा. एक बल्ब विसरलेला असतोच. सगळं ठीक असेल तर पुन्हा बॅटरी सोडवून केबल बसवा. चौकोनी टोक भोकात गेलं आणि जीभ अडकली की टक असा आवाज येतो. आवाज आला नाही तर बसली नाही. केबलला मोठी, सैल वळणं मिळतील अशी मांडा.

मग मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहा. मोबाइलवर ८० आणि काट्यावर ८५ असेल तर मीटर बिघडलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ किलोमीटर इतकी मुभा आहे. म्हणजे खऱ्या ८० ला ९२ पर्यंत. कमी दाखवत असेल तर मात्र आधी टायर बघा. मारुती ८०० ला १४५/७० आर १२ मापाचे टायर असतात. हौसेने १४५/७० आर १३ चे टायर आणि रिम टाकले की चाक ५ टक्के मोठं होतं, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळत असते. ते मीटर उघडून सुधारत नाही.

मूळ बोर्ड वाचलाच नाही तर कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार आहे. घेताना सॉकेटच्या पिना मोजा, आपल्याच मॉडेलच्या आणि त्याच काळातल्या गाडीचा आहे ना ते बघा. सेन्सरचा रोध जुळला नाही तर अर्धी टाकी पाव दिसेल. दुसऱ्या बोर्डावर किलोमीटर वेगळे असणारच. जुन्या आणि नव्या दोन्ही बोर्डांच्या आकड्यांचे फोटो काढून तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहा, पावती गाडीच्या कागदांत ठेवा आणि गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवा. आकडे मागे फिरवून गाडी विकणं ही सरळ सरळ फसवणूक आहे. चालू स्पीडोमीटर मात्र हवाच: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो सक्तीचा आहे आणि १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवताना गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या तारखेच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी मीटरकडे बघा. नेमका हवा तोच बल्ब किंवा केबल दुकानात असेलच असं नाही.